हौसेला मोल असतं का? मोटारींच्या जुन्या कागदांचा हर्रास

(दवनीवाडा, जि. गोंदिया येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तिथं तशीच ठेवली आहे.)

आत येताना दारातच एकानं आम्हाला अडवलं. म्हणाला, सर, जन्मभर तुम्ही कांट आणि न्यायदर्शन शिकवलं, आता हे मोटारींच्या कागदांचं काय काढलंत? प्रश्न रास्त आहे. आम्हाला मोटार चालवता येत नाही. घरी सायकल होती, नंतर स्कूटर आली, आता गुडघे गेल्यावर तीही गेली. तरी गेले काही महिने आम्ही रात्री जागून मोबाईलवर लिलाव पाहतो आहोत. धानाचे नाहीत, रेतीघाटांचे नाहीत. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे माहितीपत्रक, पोस्टर, बिल्ले, बॉनेटवरच्या काचेच्या मूर्ती यांचे. का, ते पुढं सांगतो. घरचीच गोष्ट आहे.

आधी शब्द. 'लिलाव' आपल्याकडं पोर्तुगिजांकडून आला, त्यांच्या 'लैलांव'वरून. आपले जुने लोक 'हर्रास' म्हणत. शब्द कुठलाही घ्या, व्यवहार आपल्या ओळखीचा आहे. बाजार समितीत धानाचा हर्रास होतो, तेंदूपत्त्याच्या युनिटचा होतो, तळ्याच्या मासेमारीचा होतो. धानाच्या ढिगाशी व्यापारी काय करतो? मूठभर दाणे घेतो, तळहातावर चोळतो, एखादा दाताखाली फोडून ओल पाहतो आणि मग बोली लावतो. म्हणजे बोलीच्या मागं पोट आहे. तो धान दळला जाणार, शिजणार.

आता मोटारीच्या कागदाची बोली पाहा. इटलीत किंवा जर्मनीत छापलेलं आठ-बारा पानांचं पत्रक. छापलं तेव्हा फुकट होतं. शोरूममध्ये शिरणाऱ्या कोणालाही ते मिळायचं आणि तो ते घरी नेऊन चार दिवसांत रद्दीत टाकायचा. तेच आज काचेखाली, अंक लावून, हातोड्याखाली येतं. ते शिजणार नाही, चालणार नाही, त्यात पेट्रोल घालता येणार नाही. मग बोली कशाची?

यावर पहिलं उत्तर येतं, दुर्मिळतेची. ठीक. पण दुर्मिळता येते कुठून, हे कोणी विचारत नाही. फेरारीची २५० जीटीओ ही गाडी १९६२ ते १९६४ या काळात जेमतेम तीन डझन बनली. त्यातली एक २०१८ साली अमेरिकेत ४ कोटी ८४ लाख डॉलरला विकली गेली. तिथली दुर्मिळता कारखान्यानंच ठरवलेली होती. माहितीपत्रकाचं तसं नाही. ते शेकड्यांनी, हजारांनी छापलं जातं. दुर्मिळ होतं ते लोकांनी फेकल्यामुळं. म्हणजे संग्राहक जी किंमत मोजतो, ती हजारो अनोळखी माणसांच्या बेपर्वाईची किंमत असते. सगळ्यांनी जपून ठेवलं असतं तर कागदाला रद्दीचाच भाव राहिला असता. हे सांगताना आम्ही कोणाची टिंगल करत नाही. पुराणवस्तूंचंही बहुतेक वेळा असंच असतं. फक्त कॅटलॉगमध्ये 'अत्यंत दुर्मिळ' असं छापलेलं वाचलं, की त्याचा अर्थ 'बहुतेकांनी टाकून दिलेलं' असा करून घ्यावा. डोकं थंड राहतं.

दुसरं उत्तर येतं स्पर्शाचं. अमुक वस्तू तमुक माणसाची होती. यासाठी आपल्या मराठी घरात सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घेऊ. सचिन तेंडुलकरनं कसोटीत २९ शतकं करून ब्रॅडमनची बरोबरी केली, तेव्हा २००२ साली त्याला फेरारी ३६० मॉडेना भेट मिळाली. सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हस्ते. मग आयात शुल्काच्या माफीवरून गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी शुल्क फियाट कंपनीनं भरलं. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली गेली. त्या वेळी आमच्या ओळखीतल्या, कधी मुंबईही न पाहिलेल्या माणसांना वाईट वाटलेलं आम्ही पाहिलं आहे. 'त्यानं विकायला नको होती!' अहो, गाडी त्याची, पैसे त्याचे. पण लोकांच्या मनात ती गाडी राहिली नव्हती. ती २९ शतकांची खूण झाली होती. पुढच्याच वर्षी राजेश मापुसकर यांचा 'फेरारी की सवारी' आला. आरटीओतला एक प्रामाणिक कारकून मुलाच्या क्रिकेटसाठी त्या गाडीच्या भानगडीत अडकतो. सिनेमा गोड आहे, शेवटी जरा जास्तच गोड. पण त्याला एक गोष्ट नेमकी कळली आहे: ती गाडी वेगासाठी कोणालाच नको असते.

आता नैयायिकांकडं जाऊ. वर्गातल्यासारखं लांबवत नाही. ते संबंधाचे दोन प्रकार सांगतात, संयोग आणि समवाय. हात टेबलावर ठेवला, हा संयोग. उचलला की संपला. वस्त्र आणि त्याचे धागे, हा समवाय. वेगळे काढले तर वस्त्रच उरत नाही. सचिनचा आणि त्या गाडीचा संबंध कोणता? उघड आहे, संयोग. किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली त्या दिवशी तो संपला. पण बाजार काय म्हणतो? ही 'सचिनची' गाडी आहे आणि कायम सचिनचीच राहील, मालक कोणीही असो. लिलावाचं कॅटलॉग संयोग समवायाच्या भावानं विकतं. त्याच्या धंद्याचं मर्म ते हेच. अमक्या शर्यतपटूचे हातमोजे, तमक्यानं सही केलेलं पत्रक, सगळं याच हिशेबानं.

हे वाक्य आम्हाला सुचलं तेव्हा आम्ही स्वतःवर खूष होतो, हे कबूल करतो. नंतर ते आमच्याच अंगावर आलं.

आमचे बाबा गोंदियाला एका राईस मिलमध्ये दिवाणजी होते. मिलच्या मालकांनी साठच्या दशकात फियाट घ्यायचं ठरवलं, तेव्हा हिशेबाला म्हणून बाबांना नागपूरला नेलं. मालकांनी गाडी नोंदवली, बाबांनी माहितीपत्रक आणलं. ते आमच्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या आणि बहिणीच्या पत्रिकेच्या खाली पन्नासहून अधिक वर्षं पडून होतं. गेल्या दिवाळीत भाच्याच्या हाती लागलं. भाचा पुण्याला असतो, संगणकाच्या कंपनीत. म्हणाला, "मामा, हे कोणी फेकलं नाही हे नशीब. याचे पैसे येतील." त्यानं फोटो काढले आणि कुठल्याशा विक्रेत्याला पाठवले. नाव घेत नाही, गरजही नाही. उत्तर आलं, की पत्रक चांगलं आहे, पण पुढच्या पानावर नागपूरच्या दुकानाचा शिक्का आहे आणि मागच्या पानावर पेन्सिलचं लिखाण आहे. शिक्क्याचं काही करता येणार नाही. पेन्सिल मात्र 'व्यावसायिक पद्धतीनं साफ' करून घेतली, तर भाव बराच वाढेल.

ती पेन्सिल बाबांची आहे. अक्षर बारीक, मोडी वळणाचं. वर गाडीची किंमत लिहिली आहे, तिच्याखाली भागाकार. भाजक आहे धानाचा त्या वर्षीचा भाव. एक मोटार म्हणजे किती खंडी धान, याचा तो हिशेब आहे. उत्तर निघालं आहे, त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत आणि रेघांखाली दुसरा भागाकार सुरू करून अर्धवट सोडला आहे. दुसऱ्याचा भाजक आहे बाबांचा पगार.

बहिणीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "दादा, बाबांचं अक्षर पुसू नको." भाचा तिचाच मुलगा. तो म्हणाला, आई, स्कॅन करून ठेवू ना. घरात या विषयावर अजून एकमत नाही आणि आज आम्ही तुमच्यासमोर बोलतो आहोत ते न्यायाधीश म्हणून नव्हे, पक्षकार म्हणून. हे आधीच सांगितलेलं बरं.

तर आक्षेप असा: बाबांचा आणि त्या कागदाचा संबंधही संयोगच नाही का? शिसाचे कण कागदावर बसले, खोडरबर फिरवलं की गेले. मग सचिनच्या गाडीला हसायचं आणि बापाच्या पेन्सिलला नमस्कार करायचा, हा कुठला न्याय? आठवडाभर आम्ही यात अडकलो होतो. आता जे वाटतं ते असं. फरक संबंधाच्या प्रकारात नाही, तो संबंध काही सांगतो की नाही यात आहे. धुरावरून अग्नीचं अनुमान होतं. धूर हे लिंग. फेरारीच्या आसनाकडं पाहून सचिनविषयी कोणतं अनुमान करता येतं? काहीच नाही. प्रमाणपत्र बाजूला ठेवा, ते आसन दुसऱ्या कुठल्याही आसनासारखं आहे. पण त्या दोन भागाकारांवरून एका काळाचं अनुमान होतं. मिलचा दिवाणजी मोटारीची किंमत रुपयांत नव्हे, धानात मोजत होता, हे कळतं. आणि स्वतःच्या पगारात मोजायला घेतल्यावर कुठं थांबला, तेही कळतं. हे कोणत्या इतिहासाच्या पुस्तकात सापडेल?

बाजाराची उलटी खोपडी इथं दिसते. तो न बोलणाऱ्या स्पर्शाला भाव देतो आणि बोलणाऱ्या खुणेला डाग म्हणतो. घडी नको, शिक्का नको, टाचण्यांचा गंज नको, हळदीचं बोट नको. म्हणजे ज्या पत्रकाला कधी वाचकच मिळाला नाही, गठ्ठ्यातून निघून थेट कपाटात गेलं, ते सर्वोत्तम. वाचलं गेलेलं पत्रक दुय्यम. पुस्तकाच्या बाबतीत कोणी असं म्हटलं असतं तर आपण त्याला अडाणी म्हटलं असतं.

आता थोडं त्या पत्रकांच्या बाजूनं बोलतो, नाहीतर एकांगी होईल. ती सुंदर असतात हो! १९५९नंतरची पॉन्टिअॅकची चित्रं पाहा. आर्ट फिट्झपॅट्रिक गाडी काढायचा आणि व्हॅन कॉफमन तिच्याभोवतीची माणसं नि देखावे. गाडी असते त्याहून रुंद, लांब दिसते. म्हणजे चित्र चक्क खोटं बोलतं, पण एवढ्या ऐटीत की राग येत नाही. पोर्शसाठी एरिश श्ट्रेंगरनं वर्षानुवर्षं केलेली पोस्टरं याच्या उलट. दोन-तीन रंग आणि गाडीचा आकार, बस्स. आणि लालिकनं १९२५ साली सिट्रोएनसाठी केलेले ते काचेचे पाच घोडे! एका बॉनेटवर बसवायला एवढी मेहनत. या गोष्टींना कला म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही.

रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकानं सिट्रोएनच्या डीएस गाडीवर एक छोटा लेख लिहिला आहे. १९५७च्या त्याच्या 'मिथॉलॉजीज'मध्ये आहे. मोटारींची तुलना तो गॉथिक कॅथेड्रलशी करतो. ते वाक्य सगळे सांगत फिरतात. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. प्रदर्शनात लोक गाडीला हात लावतात, पत्रा चाचपतात, गाद्या दाबून पाहतात, आणि त्या हाताळण्यातच गाडीचं देवपण उतरू लागतं, असं त्यानं पाहिलं. आपल्याकडं उलट होतं. आपल्या माणसाला हात लावायला गाडीच नव्हती. पत्रकच होतं. म्हणून आपल्याकडचं देवपण कागदातच राहिलं, उतरलंच नाही.

आणि आपली पत्रकं तरी कशी? वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कुर्ल्याला कारखाना झाला, पुढं फियाट ११०० आली, तिचीच नंतर पद्मिनी झाली. त्या काळात गाडी नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. ज्या मालासाठी गिऱ्हाईक रांगेत उभं आहे त्याची स्तुती करायची गरज काय? आमच्या ट्रंकेतल्या पत्रकात म्हणूनच अलंकार फार नाहीत. अश्वशक्ती, मैलांचा हिशेब, चार दारं, सामानाची जागा. परवान्यांच्या राज्यातलं गद्य आहे ते. आम्हाला ते पॉन्टिअॅकपेक्षा प्रामाणिक वाटतं, पण पद्मिनीच्या मालकांनी हसू नये.

स्पोर्ट्स गाडी म्हणाल, तर आपली यादी आखूड आहे. गोव्यात नव्वदच्या दशकाअखेर सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी, उघड्या टपाची गाडी बनू लागली. फायबरचं अंग आणि रेनोचं सुमारे बाराशे सीसीचं इंजिन. ती फारशी खपली नाही. २०१२च्या दिल्लीच्या प्रदर्शनात दिलीप छाब्रिया यांची अवंती आली, तेव्हा 'भारताची पहिली स्पोर्ट्स कार' असा गाजावाजा झाला. गोव्याची ती बिचारी आधीच येऊन गेली होती, हे पुष्कळांच्या गावीही नव्हतं. अशा वेळी जुनं पत्रक साक्षीदार म्हणून उभं राहतं. जाहिरात जे विसरली, ते दुसरी जाहिरात सांगते. संग्राहकांनी हे कागद राखले नसते तर आम्हीही 'पहिली' हा शब्द तसाच गिळला असता. तेवढं ऋण मान्य केलंच पाहिजे.

वेगाविषयी एक कंसातली गोष्ट. आपल्या झाडीपट्टीत शंकरपट भरतो. पट जिंकलेल्या जोडीची किंमत रातोरात चढते, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्या जोडीचा कासरा, घुंगरं, पटाची हस्तपत्रकं कोणी ठेवली आहेत? बैल म्हातारा झाला की सगळं संपलं. आम्हाला फेरारीचा कागद पन्नास वर्षं टिकला याचं कौतुक आणि पटाचा कागद पाच वर्षंही टिकत नाही याचं काही वाटत नाही. असो.

कांटकडं वळल्याशिवाय आम्हाला सोडवत नाही. १७८५च्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात तो म्हणतो, की प्रत्येक गोष्टीला एकतर किंमत असते, नाहीतर प्रतिष्ठा. हे सगळे शिकवतात, आम्हीही तीस वर्षं शिकवलं. पण त्यानं किमतीचेही दोन प्रकार केलेत, तिकडं आमचं लक्ष गेलं नव्हतं. एक बाजारभाव, गरजेवर उभा असलेला. दुसरी आवडीची किंमत, जिच्यामागं गरज नाही, रुची आहे. आपण तिला हौसेची किंमत म्हणू. आता आपली म्हण काय सांगते? हौसेला मोल नाही. म्हणजे जी किंमत कांटनं वेगळी काढून दाखवली, ती मोजता येत नाही असं आपल्या आजीचं म्हणणं. आणि लिलावाचा सगळा खटाटोप काय? हौसेचं मोल काढणं. दोन हौशी माणसं समोरासमोर बसवायची आणि एकाची हौस दुसऱ्याच्या हौशीनं मोजायची.

यात वस्तू कशी मागं पडते, हे वाल्टर बेन्यामिननं फार गमतीनं सांगितलं आहे. हा जर्मन विचारवंत स्वतः पुस्तकांचा वेडा होता. १९३१च्या एका लेखात त्यानं एका लिलावाची आठवण दिली आहे. त्याला एक पुस्तक हवं होतं. पण त्याच्या लक्षात आलं, की आपण बोली लावली की समोरचा एक गृहस्थ हटकून वर जातो. म्हणून हव्या त्या पुस्तकाच्या वेळी तो गप्प बसला. कोणीच बोली लावली नाही. पुस्तक बाजूला ठेवलं गेलं आणि काही दिवसांनी त्याला ते जुन्या पुस्तकांच्या विभागात मिळालं. विचार करा, त्यानं हात वर केला असता तर तेच पुस्तक महाग, मौल्यवान ठरलं असतं. पुस्तकात एका अक्षराचा फरक पडला नसता.

तेंदूच्या ठेकेदारांना हे निराळं सांगायला नको. ईर्षेनं चढलेला माणूस युनिट जिंकतो आणि हंगामात डोक्याला हात लावून बसतो. अर्थशास्त्रात याला विजेत्याचा शाप म्हणतात. तेलाच्या जमिनींच्या लिलावांवरून १९७१ साली ही कल्पना मांडली गेली. ज्यानं सर्वांत जास्त अंदाज चुकवला तोच जिंकतो. पण तेंदूवाल्याला शाप कळतो तरी, कारण पानं मोजता येतात. कागदवाल्याला कधीच कळत नाही. त्याचा शाप पुढच्या गिऱ्हाइकावर ढकलला जातो आणि त्यालाच 'गुंतवणूक' म्हणतात.

तरीही संग्रह म्हणजे वेडेपणा, असं आम्ही म्हणणार नाही. पूर्वी वर्गात म्हणत होतो. वस्तुपूजा, क्रयवस्तूचं गारूड, मार्क्सचा सगळा दारूगोळा काढत होतो. मग एकदा पुण्यात दिनकर केळकरांचं संग्रहालय पाहिलं आणि गप्प झालो. अडकित्ते, दिवे, गंजिफा, दौती. १९२०च्या सुमारास त्यांनी सुरुवात केली, घरोघर फिरून, पदरचे पैसे घालून. संग्रहाला गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं आणि १९६२ साली तो महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. त्यांनीही विकतच घेतलं होतं, किंमत दिली होती. पण तिथले अडकित्ते वापरलेले आहेत. धार झिजली आहे. झिजेमुळं त्यांनी ते नाकारले नाहीत, झिजेसकट ठेवले. आमची तक्रार खरेदी-विक्रीशी नाही, ती झीज पुसण्याशी आहे.

२०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. तेव्हा किमान एक तरी गाडी जपून ठेवा, अशी मागणी झाली. जपावी. पण कोणती जपाल? कारखान्यातून निघाल्यासारखी चकचकीत केलेली, की टपावर बांधलेल्या सामानाचे ओरखडे असलेली? पहिली जपली तर आपण प्रीमियर कंपनीचं माहितीपत्रक जपलं. दुसरी जपली तर मुंबई जपली.

प्रश्नोत्तरांना वेळ ठेवायचा आहे. पण दारात विचारलेला प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो: कागद विकणार का? भाच्याचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेलेलं नाही. त्याला मुलीच्या शिक्षणाची फी भरायची आहे, आणि कागद ट्रंकेत आणखी वीस वर्षं राहिला तर वाळवी त्याला भाव विचारणार नाही. बहीण पुढच्या महिन्यात बालाघाटहून येते आहे. ट्रंक तिच्यासमोर उघडू. विक्रेत्याला आम्ही कळवलं आहे, की वर्णनात 'मागील पानावर पेन्सिलचे डाग' असं न लिहिता 'मागील पानावर धानाच्या भावाचा हिशेब, दोन भागाकार, दुसरा अपूर्ण' असं लिहावं आणि तशीच बोली मागवावी. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.